बेड रिकामा आहे म्हणजे नक्की काय?

एप्रिल २०२१ आठवतोय? दुसऱ्या लाटेत आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या फोनवर रात्री-अपरात्री गुगल शीट्स फिरत होत्या. हॉस्पिटलचं नाव, फोन नंबर, ऑक्सिजन बेड, आयसीयू, रेमडेसिविर, प्लाझ्मा. देशभरातली कॉलेजची मुलं-मुली ऑनलाइन लेक्चर चालू ठेवून एकेका हॉस्पिटलला फोन लावत होती आणि शीट अपडेट करत होती. चांगल्या शीट्समध्ये शेवटी एक कॉलम असायचा: व्हेरिफाइड कधी केलं? दुपारी ४.१०. संध्याकाळी ७.३५. ज्या शीटमध्ये ही वेळ नसायची ती कितीही लोकांनी फॉरवर्ड केली तरी उपयोग शून्य, कारण त्यातला बेड आदल्या रात्रीच गेलेला असायचा.

हा कॉलम टाका असं त्या मुलांना कोणी शिकवलं नव्हतं. चार-पाच वेळा कोणाच्या तरी काकांना चुकीच्या हॉस्पिटलच्या दारात पाठवलं की आपोआप सुचतं. पण मोठमोठ्या सरकारी यंत्रणा, ज्यांच्याकडे सर्व्हर आहेत, डॅशबोर्ड आहेत, त्यासुद्धा नेमक्या याच प्रश्नाशी झगडत होत्या. आकडा कधीचा आहे? तो कोणी भरला? आणि तो बघून कोण काय ठरवणार आहे?

साधा वाटणारा एक आकडा घेऊ. रिकामे बेड.

कुठल्याही मोठ्या रुग्णालयाच्या वॉर्डात नर्सिंग काउंटरपाशी थोडा वेळ थांबून बघा. सकाळच्या राउंडला डॉक्टरांनी एका पेशंटचा डिस्चार्ज लिहिला. झाला का बेड रिकामा? नाही. डिस्चार्ज कार्ड तयार व्हायचंय, गोळ्या कधी घ्यायच्या ते समजावून सांगायचंय, घरचं माणूस न्यायला यायचंय. खासगी हॉस्पिटल असेल तर बिल आणि मेडिक्लेमची मंजुरी, म्हणजे अर्धा दिवस गेलाच. पेशंट गेल्यावर चादर बदलायची, पलंग पुसायचा, आजार संसर्गजन्य असेल तर निर्जंतुकीकरण करायचं. या मधल्या तासांत तो बेड भरलेला धरायचा की रिकामा? एका ठिकाणी सिस्टर डिस्चार्ज लिहिल्याबरोबर वजा करतात, दुसऱ्या ठिकाणी पेशंट वॉर्डाच्या बाहेर पडल्यावर. दोघींचंही चुकत नाही. पण दोन्हींची बेरीज करून ‘शहरात इतके बेड रिकामे’ असं लिहिलं, की तो आकडा कशाचा हे कोणालाच सांगता येत नाही.

शिवाय बेड म्हणजे फक्त पलंग नाही. ७ एप्रिल २०२० ला केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने कोविडच्या जागांचे तीन प्रकार ठरवून दिले. सौम्य लक्षणांसाठी कोविड केअर सेंटर, मध्यम आजारासाठी डेडिकेटेड कोविड हेल्थ सेंटर आणि गंभीर रुग्णांसाठी डेडिकेटेड कोविड हॉस्पिटल. पहिल्या प्रकारातल्या हजार रिकाम्या खाटा तिसऱ्या प्रकारातल्या एका खाटेचंही काम करू शकत नाहीत. ऑक्सिजनची पाइपलाइन आहे का, व्हेंटिलेटर आहे का, आणि तो रात्री सांभाळायला प्रशिक्षित माणूस ड्युटीवर आहे का, इथपर्यंत विचारल्याशिवाय ‘उपलब्ध’ या शब्दाला अर्थ येत नाही. मशीन आहे पण ते चालवायला कोणी नाही, असा बेड डॅशबोर्डवर हिरवाच दिसतो.

वेळेचा घोळही आहेच. अनेक रुग्णालयांत दाखल रुग्णांची मोजणी मध्यरात्री करायची जुनी पद्धत आहे. तिला मिडनाइट सेन्सस म्हणतात. एरवी ती ठीक आहे. महिन्याचा अहवाल करायला, औषधांचा साठा ठरवायला पुरते. पण सकाळी अकराला रुग्णवाहिकेत बसलेल्या माणसाला रात्री बाराच्या आकड्याचं काय करायचं?

हा प्रश्न कॉम्प्युटरच्या आधीचा आहे बरं का. फ्लॉरेन्स नाइटिंगेलला आपण हातात दिवा घेतलेली परिचारिका म्हणून ओळखतो. पण १८५४ मध्ये क्रिमियन युद्धाच्या वेळी ती स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात पोचली, तेव्हा तिथल्या नोंदींचा गोंधळ बघून ती वैतागली होती. पुढे तिने सगळ्या रुग्णालयांनी एकाच नमुन्यात नोंदी ठेवाव्यात असा आराखडा तयार केला आणि १८६० मध्ये लंडनला भरलेल्या आंतरराष्ट्रीय सांख्यिकी परिषदेपुढे तो मांडला गेला. कारण अगदी व्यावहारिक होतं. एक रुग्णालय आजाराला एक नाव देतं, दुसरं वेगळं, मग कुठे जास्त माणसं मरतात हे कळणार कसं?

आता मुंबईत येऊ. मे-जून २०२०. रुग्णांची संख्या वाढत होती आणि बेड मिळवायचा मुख्य मार्ग म्हणजे महापालिकेची १९१६ ही हेल्पलाइन. सगळ्या शहराचा ताण एका नंबरवर. दुसरीकडे लॅब आपले रिपोर्ट थेट रुग्णांना देत होत्या. संध्याकाळी शेकडो लोकांना एकाच वेळी ‘पॉझिटिव्ह’ कळायचं आणि सगळे एकदम फोन उचलायचे. ज्यांना साधा ताप आहे तेही, आणि ज्यांना श्वास घ्यायला त्रास होतोय तेही. ज्याची ओळख आहे, ज्याला इंग्रजीत नीट बोलता येतं, जो चिकाटीने वीस फोन करू शकतो, त्याला बेड. नियम म्हणून कोणी हे ठरवलं नव्हतं, पण माहिती अशी वाटली गेली की घडतं असंच.

८ मे २०२० ला इक्बालसिंह चहल महापालिका आयुक्त झाले. त्याच महिन्यात राज्य सरकारने खासगी रुग्णालयांतले ८० टक्के बेड आपल्या नियंत्रणाखाली घेतले. जूनमध्ये २४ वॉर्डांत २४ वॉर रूम सुरू झाल्या. रिपोर्ट आधी महापालिकेकडे यायचे, तिथे त्यांची वॉर्डनिहाय यादी व्हायची, आणि मग वॉर रूममधून रुग्णाला फोन जायचा. फोन करणारी टीम लक्षणं विचारायची, वय विचारायची, मधुमेह-बीपी विचारायची, घरात वेगळी खोली आणि संडास आहे का ते विचारायची. मग ठरायचं: घरीच राहायचं, सेंटरला जायचं की हॉस्पिटलला.

या सगळ्यात नवीन टेक्नॉलॉजी जवळपास काहीच नव्हती, हे मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतं. फोन, याद्या, डॉक्टर, गाड्या. बदलला तो माहितीचा रस्ता. आधी माहिती रुग्णाकडे जायची आणि रुग्ण बेड शोधायचा. आता माहिती निर्णय घेणाऱ्याकडे जाऊ लागली आणि तो रुग्णाला शोधू लागला. आणि वॉर्ड छोटा असल्यामुळे आकड्यामागचा माणूस माहीत असण्याची शक्यता वाढली. धारावी ज्यात येते त्या जी-नॉर्थ वॉर्डमध्ये ‘घरी वेगळं राहा’ हा सल्ला किती घरांत शक्य आहे, हे मंत्रालयात बसून कळणं अवघड. वॉर्डातल्या माणसाला गल्लीचं नाव ऐकूनच कळतं.

अर्थात, यातही एक मोठी गोम होती. रिपोर्ट आधी पालिकेकडे, म्हणजे माझ्या शरीराची माहिती मला सगळ्यांत शेवटी? हा विषय सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि त्याच जूनमध्ये न्यायालयाने सांगितलं, की रिपोर्ट रुग्णाला आणि नातेवाइकांना मिळायला हवा. मला दोन्ही बाजू पटतात. गर्दी एकदम उसळू नये म्हणून यादी आधी यंत्रणेकडे जायला हवी, हे खरं. पण ‘व्यवस्थेच्या सोयीसाठी तुम्ही थांबा’ हे वाक्य एकदा चालून गेलं की ते कुठे थांबेल सांगता येत नाही. न्यायालयाचं म्हणणंच योग्य होतं असं माझं मत.

या तयारीचा कस पुढच्या वर्षी लागला. १६ आणि १७ एप्रिल २०२१ च्या मधल्या रात्री महापालिकेच्या सहा रुग्णालयांत ऑक्सिजन संपत आला आणि तिथले १६८ रुग्ण रातोरात दुसरीकडे हलवावे लागले. कल्पना करा, एक-एक पेशंट ऑक्सिजनवर आहे आणि त्याला गाडीत घालायचंय. अशा वेळी उद्या सकाळी पीडीएफमध्ये येणारा आकडा कामाचा नसतो. आत्ता, या मिनिटाला कुठे ऑक्सिजनसकट किती बेड मोकळे आहेत हे कोणाला तरी खात्रीने माहीत असावं लागतं. मे २०२१ मध्ये ऑक्सिजनच्या प्रश्नावर सुनावणी सुरू असताना सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या नियोजनाचं कौतुक केलं आणि दिल्लीला त्यापासून शिकायला सांगितलं, ते त्यानंतर काही आठवड्यांतच.

मुंबईचं सगळंच छान होतं असा याचा अर्थ नाही. १६ जून २०२० ची बातमी शोधून बघा. त्या दिवशी महाराष्ट्राने आधी न मोजलेले १,३२८ मृत्यू एकदम यादीत घातले. त्यातले ८६२ एकट्या मुंबईचे. आलेखावर त्या तारखेला एक उंच सुळका दिसतो. पाच वर्षांनी कोणी नवखा विद्यार्थी तो आलेख प्रोजेक्टला घेईल आणि लिहील, की १६ जूनला महाराष्ट्रात भयंकर काहीतरी घडलं. घडलं एवढंच होतं, की वेगवेगळ्या ठिकाणच्या नोंदी जुळवून बघितल्या गेल्या. ती माणसं आधीच्या आठवड्यांमध्ये गेली होती. मृत्यूची तारीख आणि मृत्यू यादीत आल्याची तारीख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या वेगळ्या लिहिल्या नाहीत, तर साथ वाढतेय की उतरतेय हेच कळत नाही. मधल्या काळात ज्यांनी ‘मृत्युदर कमी आहे’ असं धरून निर्णय घेतले, त्यांनी अपुऱ्या माहितीवर घेतले. सोमवारी आकडे कमी दिसायचे आठवतंय? विषाणूला रविवारची सुट्टी नव्हती. लॅबला आणि ऑफिसला होती.

आणि आपल्याकडेच असं होतं असं समजून हळहळू नका. इंग्लंडमध्ये २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर २०२० या आठवड्यात १५,८४१ पॉझिटिव्ह केसेस सरकारी आकड्यातून गायब झाल्या. कारण? एक्सेल. लॅबकडून आलेला डेटा पब्लिक हेल्थ इंग्लंड एक्सेलच्या जुन्या एक्सएलएस फॉरमॅटमध्ये ओतत होतं. त्या फॉरमॅटमध्ये एका शीटवर ६५,५३६ च ओळी मावतात. नव्या फॉरमॅटमध्ये दहा लाखांच्या वर मावतात. ओळी संपल्या आणि पुढच्या केसेस गुपचूप बाहेर राहिल्या. ज्यांचा रिपोर्ट पॉझिटिव्ह होता त्यांना तो मिळाला होता, पण ते कोणाकोणाला भेटले हे विचारणारा फोन वेळेत गेलाच नाही. म्हणजे त्यांच्या संपर्कातले हजारो लोक बिनधास्त कामावर, पबमध्ये, आजीच्या घरी जात राहिले. बीकॉमच्या पहिल्या वर्षाला एक्सेलचं प्रॅक्टिकल करताना जांभया देणाऱ्यांनी ही गोष्ट जरूर वाचावी.

आता भरणाऱ्या माणसाकडे बघू, कारण डेटाच्या चर्चेत तो नेहमी गायब असतो. पीपीई किट घालून आठ तास काढलेली सिस्टर. तिच्याकडून हॉस्पिटलच्या रजिस्टरला नोंद हवी, केसपेपरवर हवी, पालिकेच्या फॉर्मला हवी, राज्याला हवी, टेस्टची माहिती आयसीएमआरच्या पोर्टलवर हवी. तीच नावं, तीच वयं, वेगवेगळ्या रकान्यांत. वर बसलेल्या प्रत्येकाला वाटतं, एकच तर कॉलम वाढवलाय. खाली तो कॉलम रोज, प्रत्येक पेशंटमागे भरायचा असतो, आणि तेवढा वेळ कुठल्या तरी खाटेपासून काढलेला असतो. म्हणून माझ्या मते डेटा जपून वापरण्याची पहिली खूण म्हणजे कमी मागणं. हा कॉलम बघून उद्या सकाळी कोणता निर्णय बदलणार आहे? उत्तर नसेल तर तो कॉलम काढून टाका. थकलेला माणूस नको त्या प्रश्नाला अंदाजे उत्तर लिहितो, आणि त्याच सवयीने मग हव्या त्या प्रश्नालाही.

माणसाचं नाव जपणं हाही याचाच भाग आहे. मार्च २०२० मध्ये आपल्याकडे होम क्वारंटाइनच्या लोकांच्या डाव्या हातावर शिक्के मारले गेले. कर्नाटकात क्वारंटाइनमधल्या लोकांचे पत्ते जाहीर केले गेले. हेतू सावधगिरीचा असेल. परिणाम काय? शेजारी दार लावून घेतात, सोसायटी पाणी बंद करायची धमकी देते, आणि पुढचा माणूस ताप आला तरी टेस्टला जात नाही. म्हणजे नाव फोडल्यामुळे डेटाच खराब झाला. केरळमध्ये रुग्णांची माहिती ‘स्प्रिंक्लर’ या परदेशी कंपनीच्या प्लॅटफॉर्मवर जात असल्याचा वाद झाला, तेव्हा एप्रिल २०२० मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने आधी माहितीतून ओळख पुसा, मगच ती कंपनीला द्या असा अंतरिम आदेश दिला. कोणत्या वॉर्डात किती रुग्ण, हे सगळ्यांना कळायलाच हवं. कोणत्या फ्लॅटमध्ये, हे कळायचं काही कारण नाही.

कोविड आता जुना विषय वाटत असेल, तर जानेवारी २०२५ चं पुणे घ्या. गुलियन-बॅरे सिंड्रोम, म्हणजे जीबीएस. हातापायातली ताकद जाते, काहींना व्हेंटिलेटर लागतो. आजार नवा नाही, पण विरळ आहे, एखाद्या रुग्णालयात अधूनमधून एखादा पेशंट. त्या महिन्यात सिंहगड रोड परिसरातून एकामागून एक पेशंट येऊ लागले. एका रुग्णालयाला ते ‘यंदा जरा जास्त’ वाटू शकतं. वेगवेगळ्या रुग्णालयांची माहिती एकत्र ठेवून पत्ते बघितले, की नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी अशी नावं जवळजवळ दिसू लागतात आणि मग संशय पिण्याच्या पाण्यावर जातो. सुरुवातीला २४ संशयित रुग्णांची बातमी आली, काही दिवसांत आकडा शंभरावर आणि पुढे दोनशेवर गेला. व्हॉट्सॲपवर घबराट उडाली. पण वाढ सगळी नव्या रुग्णांची नव्हती. शोधायला लागल्यावर आधीच दाखल असलेलेही यादीत येतात. ‘संशयित’ आणि ‘निश्चित’ हे दोन आकडे सरकारी बातमीपत्रकात वेगळे दिले जात होते. फॉरवर्डमध्ये मात्र मोठा तेवढाच उरला.

संशयित आणि निश्चित वेगळं लिहायची शिस्त आपल्या देशात २००४ पासून आहे. एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रमात तीन फॉर्म असतात: एस, पी आणि एल. गावपातळीवरची आरोग्य सेविका लक्षणांवरून एस भरते, डॉक्टर तपासून पी भरतात, लॅब खात्री करून एल भरते. कोणाला किती खात्री आहे हे फॉर्मच्या अक्षरातच लिहिलेलं. साधं आहे, पण मला हे भारी वाटतं. आणि एकही रुग्ण नसला, तरीही ‘शून्य’ असं लिहून पाठवायचं असतं. कोरा रकाना आला तर आजार नाही की फॉर्म भरणारी व्यक्ती रजेवर आहे, कसं कळणार?

ज्यांना यात काम करायचंय त्यांच्यासाठी: देवनारच्या आयआयपीएसमध्ये लोकसंख्या आणि बायोस्टॅटिस्टिक्सचं शिक्षण मिळतं, त्याच भागातल्या टिसमध्ये सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालय व्यवस्थापनाचं. स्टॅटिस्टिक्स किंवा कॉम्प्युटरवाल्यांनाच जागा आहे असं नाही. नर्सिंग, समाजशास्त्र, भूगोल केलेल्यांचीही गरज असते. मात्र सुरुवातीला चकचकीत डॅशबोर्ड हातात येईल अशी अपेक्षा ठेवू नका. सुरुवातीला येते ती यादी. एकीकडे ‘शिंदे’, दुसरीकडे ‘शिन्दे’. वय एका कागदावर ४५, दुसऱ्यावर ५४. पत्ता एकच, मोबाइल नंबर मुलाचा. हे दोन पेशंट आहेत की एकच, हे संध्याकाळच्या आत ठरवायचं असतं, आणि त्यासाठी शेवटी वॉर्डात फोन करून सिस्टरलाच विचारावं लागतं.